झाकली मूठ

तुमचं वजन शंभर किलोच्या पुढे आहे, हात लांब आहेत आणि आतापर्यंतच्या सगळ्या लढती तुम्ही दोन-तीन फेऱ्यांत आटोपल्या आहेत. अभिनंदन! हेवीवेट बॉक्सिंगचं भवितव्य आता तुमच्या खांद्यावर आहे, असं जो तो तुम्हाला सांगू लागेल. ते खांदे जपा. त्यासाठी एकच पथ्य आहे: शक्यतो कुणाशी लढू नका.

रिंगमध्ये उतरूच नका, असं नव्हे. जरूर उतरा. पण तुमची खरी इस्टेट तुमचा ठोसा नाही, पराभवाच्या रकान्यातलं शून्य आहे, हे विसरू नका. पोस्टरवर तेच छापतात. ते सांभाळायला मॅचमेकर नावाचा गृहस्थ असतो. तो तुमच्यासमोर असा माणूस उभा करतो, ज्याचं पोटच हरण्यावर चालतं. या मंडळींना कमी लेखू नका. रिंगमधलं सगळ्यात अवघड कसब त्यांच्याकडे असतं. ते हरतात, पण जबर मार न खाता हरतात. कारण नॉकआउट झालं की डॉक्टर काही आठवडे घरी बसवतात आणि तेवढी कमाई बुडते. तुम्ही त्याला जोरात मारायचं, त्याने बेताने हरायचं, व्यवहार चोख.

इथे मोझेस इटाउमाचा धडा घ्या. 2004 चा जन्म, डावखुरा, हातांना विलक्षण वेग. मुकाट्याने अनोळखी लोकांना झोपवत राहिला असता तर किती बरं झालं असतं! पण ऑगस्ट 2025 मध्ये रियाधला त्याने डिलियन व्हाइटला पहिल्याच फेरीत गारद केलं. व्हाइट म्हणजे तीनच वर्षांपूर्वी जागतिक जेतेपदासाठी लढलेला माणूस. आता सांगा, अशा पोराबरोबरच्या कराराला कोण आनंदाने सही करील? माइक टायसन 1986 मध्ये विसाव्या वर्षी जगज्जेता झाला तो काळ वेगळा होता. तेव्हा माणसं लढतीची तारीख सहज देत, असं म्हणतात. (मला ते फारसं खरं वाटत नाही, पण जुन्या काळाबद्दल असं म्हणायची पद्धत आहे.)

मानांकनाची चिंता तर सोडाच. 2023 मध्ये मिश्र मार्शल आर्ट्समधला (एमएमए) फ्रान्सिस एनगानू पहिल्यांदा व्यावसायिक बॉक्सिंग लढला. त्याने तेव्हाचा जगज्जेता टायसन फ्युरी याला एकदा खाली पाडलं आणि शेवटी गुणांवर तो हरला. एक लढत, एक पराभव. एवढ्या शिदोरीवर डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेने त्याला जगात दहावा क्रमांक दिला. वर्षानुवर्षं जिममध्ये घाम गाळणाऱ्यांनी यातून योग्य तो बोध घ्यावा.

जेतेपदाचंही तसंच. मोठ्या संघटना चार, प्रत्येकीचा पट्टा वेगळा. शिवाय ‘अंतरिम’, ‘नियमित’, ‘सुपर’ अशा उपजाती आहेत. प्रत्येक पट्ट्याच्या लढतीत तुमच्या मानधनातला काही टक्के वाटा संघटनेला जातो, म्हणजे पट्टे वाढले तर कुणाचं बिघडतं? एक कुठला तरी गाठा आणि स्वस्थ बसा. चारही गोळा करायच्या भानगडीत पडू नका. ओलेक्सांद्र उसिक पडला. मे 2024 मध्ये फ्युरीला हरवून तो निर्विवाद जगज्जेता झाला. लेनॉक्स लुईसनंतर, म्हणजे 1999 नंतर, हेवीवेटमध्ये हे कुणाला जमलं नव्हतं. दीड महिन्याच्या आत त्याला आयबीएफचा पट्टा सोडावा लागला. कारण फ्युरीशी पुन्हा लढायचा करार झालेला होता आणि संघटनेला तिचा आव्हानवीर आधी हवा होता. पट्टा गेला डॅनियल द्युब्वाकडे, ज्याला उसिकने आदल्याच वर्षी नवव्या फेरीत लोळवलं होतं! उसिकने जुलै 2025 मध्ये वेम्बलीत त्याला पुन्हा लोळवून पट्टा परत आणला, तर नोव्हेंबरात डब्ल्यूबीओचा सोडायची पाळी आली. तो फॅबियो वॉर्डलीला बसल्या जागी मिळाला. रिडिक बोवला हे गणित 1992 मध्येच उमगलं होतं. जगज्जेता असताना आव्हानवीर लुईसशी लढण्यापेक्षा त्याने डब्ल्यूबीसीचा पट्टा पत्रकारांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला. माणूस दूरदर्शी.

तरीही कधी खरा तुल्यबळ प्रतिस्पर्धी अंगावर आलाच, तर निवृत्ती जाहीर करा. फ्युरीने एप्रिल 2022 मध्ये ती घेतली आणि डिसेंबरात तो रिंगमध्ये हजर होता. जानेवारी 2025 मध्ये पुन्हा घेतली. दर वेळी लोक हळहळतात आणि पुढच्या लढतीचा भाव वाढतो. वयाचीही घाई नाही. जॉर्ज फोरमनने 45 व्या वर्षी जगज्जेतेपद मिळवलं. माइक टायसन तर नोव्हेंबर 2024 मध्ये, 58 व्या वर्षी, यूट्यूबवरून नावारूपाला आलेल्या जेक पॉलशी लढला. फेऱ्या आठ, त्याही दोन-दोन मिनिटांच्या. नेटफ्लिक्सवर ती जगभर बघितली गेली. तुम्ही आज विशीत असाल, तर ‘उगवता तारा’ म्हणून मिरवायला तुमच्याकडे अजून चांगली पस्तीस-चाळीस वर्षं आहेत.