‘अल्ला’ हा शब्द कुणाच्या मालकीचा?

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर, म्हणजे वसईतल्या पन्नासेक घरांच्या ग्रुपवर, एक मेसेज यंदा तिसऱ्यांदा फिरून आला. मजकूर थोडक्यात असा: ‘अल्ला हे अरबांच्या चंद्रदेवाचं नाव आहे, म्हणून तर मशिदीवर चंद्रकोर असते. बायबलमधल्या देवाशी त्या नावाचा काडीचाही संबंध नाही. खरा ख्रिस्ती माणूस ते नाव तोंडातून काढत नाही. मलेशियाच्या कोर्टानेही ते फक्त मुसलमानांचं असल्याचा निकाल दिला आहे.’ सोबत छातीवर कोर असलेल्या एका दगडी मूर्तीचा फोटो आणि खाली रांगेने ‘आमेन’.

त्या ‘आमेन’मुळेच लिहायला बसलो. तो शब्द हिब्रू आहे आणि मशिदीत ‘आमीन’ म्हणतात तो हाच.

‘ख्रिस्ती माणूस ते नाव घेत नाही’ या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते खोटं आहे हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. नोकरीनिमित्त बरीच वर्षं कुवेतमध्ये होतो. तिथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून गर्दीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासनाही शुक्रवारी. आमची इंग्रजी मिस्सा आटोपली की त्याच वेदीवर अरबी मिस्सा लागायची. एकदा ऑफिसातल्या लेबनीज मित्राबरोबर तिथेच मागच्या बाकावर बसून राहिलो. रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालू होती. आमच्या आजीने आयुष्यभर जपलेलीच ती ‘नमो मरिया’, फक्त अरबीत. तिच्या उत्तरार्धात शब्द आले, ‘या वालिदतल्लाह’. मी मित्राकडे वळून पाहिलं. तो म्हणाला, ‘देवाची माता. तुम्ही काय म्हणता?’ आम्हीही तेच म्हणतो.

या दोन शब्दांवर जरा थांबायला हवं. ‘अल्लाची आई’ असं कुठलाही मुसलमान म्हणणार नाही. अल्लाला कुणी जन्म दिला नाही आणि त्यानेही कुणाला जन्म दिला नाही, असं कुराण स्पष्ट सांगतं. म्हणजे हे वाक्य पूर्णपणे ख्रिस्ती आहे, त्यातला विश्वासही ख्रिस्ती आहे आणि त्यात देवासाठी वापरलेला शब्द ‘अल्ला’ आहे. अरब ख्रिस्ती लोकांनी तो मुसलमानांकडून उसना आणलेला नाही. त्यांच्या भाषेत देवाला तेच म्हणतात. बैरूतला १८६५ मध्ये पुरं झालेलं अरबी बायबल आजही घराघरांत वाचलं जातं. त्यातलं उत्पत्तीचं पहिलंच वाक्य सांगतं, की प्रारंभी ‘अल्लाने’ आकाश आणि पृथ्वी निर्माण केली.

माल्टा या बेटाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तिथले बहुसंख्य लोक कॅथलिक, पण त्यांची भाषा अरबीतून निघालेली. ते देवाला ‘अल्ला’ म्हणतात, मरियेला ‘ओम्म अल्ला’ म्हणतात आणि उपवासकाळाला ‘रान्दान’. हा रान्दान म्हणजे आपला रमजानच, शब्दापुरता.

ज्यूंचंही तसंच. दहाव्या शतकात सादिया गाओन या मोठ्या धर्मपंडिताने तोराचं, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाचं, अरबी भाषांतर केलं, तेव्हा देवासाठीच्या ‘एलोहिम’ या हिब्रू शब्दाच्या जागी ‘अल्ला’ लिहिलं. पुण्याचं लाल देऊळ बांधणारे डेव्हिड ससून ज्या बगदादहून आले, तिथल्या ज्यूंची घरातली बोली अरबीच होती.

आता चंद्रदेव. फोटोतली ती मूर्ती मक्केची नाहीच. ती इस्राएलच्या उत्तरेकडच्या गॅलिलीतल्या हासोर इथे १९५०च्या दशकात उत्खननात सापडली. काळ्या बसाल्टमध्ये कोरलेला, हातात वाटी धरून बसलेला पुरुष, छातीवर उलटी कोर. ती त्या भागातल्या प्राचीन कनानी लोकांची आहे आणि इस्लामच्या सुमारे १९०० वर्षं आधीची. तिच्यावर ‘अल्ला’ हे नाव कुठेही कोरलेलं नाही. प्राचीन पश्चिम आशियात चंद्राची पूजा होत होती, हे खरंच आहे. मेसोपोटेमियात चंद्रदेवाचं नाव ‘सिन’ होतं. पण ‘सिन’चा ‘अल्ला’ कसा झाला, हे मेसेज सांगत नाही, कारण तसं काही झालेलंच नाही. उलट कुराणाच्या ४१व्या अध्यायात स्वच्छ आज्ञा आहे, की सूर्याला सजदा करू नका, चंद्राला करू नका, त्यांना ज्याने निर्माण केलं त्याला करा. मशिदींवरची कोर रुजली ती मुख्यतः ऑटोमन तुर्कांच्या काळात, म्हणजे पैगंबरांनंतर कित्येक शतकांनी. महिना चंद्रावर मोजतात एवढ्यावरून कुणी चंद्रपूजक ठरत असेल, तर अमावास्येनंतरच्या कोरीवर महिना सुरू करणारे ज्यूही ठरतील.

कुणी म्हणेल, पैगंबरांच्या वडिलांचंच नाव अब्दुल्ला होतं, म्हणजे हा शब्द इस्लामच्या आधीचा झाला ना? झालाच. माझंही म्हणणं तेच आहे. सीरियात अलेप्पोजवळ झबद इथे एका चर्चच्या दारावरच्या आडव्या दगडावर ग्रीक, सिरियाक आणि अरबी असा तिहेरी लेख आहे. तो इ. स. ५१२चा मानला जातो, म्हणजे पैगंबरांच्या जन्माच्याही आधीचा. त्यातल्या अरबी ओळीत देवासाठी ‘अल्-इलाह’ हा शब्द आहे. ‘इलाह’ म्हणजे देव आणि ‘अल्’ म्हणजे ‘तो, ठरावीक’. हे दोन्ही जुळून ‘अल्ला’ झाला, असं बहुतेक भाषाअभ्यासक मानतात.

बायबलशी संबंध नाही म्हणणाऱ्यांनी आपलं बायबलच एकदा उघडावं. हिब्रूत ‘एल’, ‘एलोआह’, ‘एलोहिम’. दानीएलाच्या पुस्तकातल्या अरामी भागात ‘एलाह’. अरामीचीच एक शाखा असलेल्या सिरियाकमध्ये ‘आलाहा’, पश्चिमेकडच्या उच्चारात ‘आलोहो’. केरळातले सुरियानी ख्रिस्ती आजही ‘कादीशात आलोहो’ म्हणतात, ‘देवा, तू पवित्र आहेस’. आणि मार्काच्या शुभवर्तमानात वधस्तंभावर येशू अरामीत हाक मारतो ती ‘एलोई, एलोई’ अशी. माझ्या देवा, माझ्या देवा. हे सगळे शब्द म्हणजे एकाच घरातली भावंडं. कोकणातले बेने इस्राएल ज्यू मराठीत बोलतात आणि नवस फेडताना पोहे, खोबरं, साखर घालून मलिदा करतात. तो ज्या एलियाहू नबीच्या नावाने होतो, त्या नावातलाही ‘एल’ हाच. आमच्या ग्रुपवरच्या डॅनियल, मायकल, गॅब्रिएल यांच्यात तो शेवटी बसला आहे. इस्माईल आणि जिब्राईल यांच्यातही.

‘यहोवा’ मात्र वेगळा, हे मान्य. ते चार अक्षरांचं खास नाव ज्यू उच्चारत नाहीत, त्या जागी ‘अदोनाय’ म्हणजे ‘प्रभू’ वाचतात. म्हणून अरबी बायबलात तिथे ‘रब्ब’ येतं आणि आपल्या मराठी बायबलात ‘परमेश्वर’.

मलेशियाचा निकाल मेसेजमध्ये अर्धाच सांगितला आहे. एका कॅथलिक साप्ताहिकाला हा शब्द वापरायला २००९ मध्ये हायकोर्टाने परवानगी दिली, २०१३ मध्ये अपील कोर्टाने ती काढून घेतली, इथपर्यंत बरोबर. पण बोर्निओ बेटावरच्या सारावाक राज्यातल्या एका ख्रिस्ती महिलेच्या धार्मिक सीडी २००८ मध्ये विमानतळावर जप्त झाल्या होत्या. तिच्या खटल्यात मार्च २०२१ मध्ये हायकोर्टाने शब्दावरची सरकारी बंदी बेकायदा ठरवली, आणि सरकारने केलेलं अपील २०२३ मध्ये स्वतःच मागे घेतलं. तसंही देवाला ‘अल्ला’ म्हणणाऱ्या बोर्निओतल्या ख्रिस्ती लोकांची प्रार्थना कोर्टाच्या तारखांवर अडून राहिलेली नव्हती.

शब्द एक म्हणजे धर्म एक, असं मी म्हणत नाही. त्रैक्य, वधस्तंभ, पुनरुत्थान यांवर आमचा आणि मुसलमानांचा मतभेद खरा आणि खोल आहे. त्यावर जरूर वाद घालावा. त्यासाठी दुसऱ्याच्या देवाच्या नावाखाली कुठल्या तरी मूर्तीचा फोटो चिकटवणं मला पाप वाटतं.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर निर्मळच्या मावशीचा फोन आला. ‘अरे, मग आपणपण चर्चमध्ये अल्ला म्हणायचं का?’ मी म्हटलं, नाही मावशी, आपली भाषा मराठी. इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण हे मराठी काव्य छापलं, तेव्हा देवळातला ‘देव’ हाच शब्द घेतला आणि ‘देवा बापा’ अशी हाक मारली. तेव्हाही तो शब्द दुसऱ्यांचा म्हणून कुणी हरकत घेतली असेल का? मावशी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘तो मेसेज मीच तुझ्या मामाला पाठवला होता. आता त्याला हेपण पाठवते.’