पहिल्या ऑफरला लगेच ‘हो’ म्हणायची घाई कशाला?

अमेरिकेत सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींच्या पालकांमध्ये एक मेसेज फिरतोय. आमच्या इथल्या मराठी पालकांच्या ग्रुपवरही तो आला. मथितार्थ असा: अकरावीच्या १ सप्टेंबरला कॉलेजच्या कोचचे फोन सुरू होतात, महिन्याभरात चांगल्या जागा संपतात, म्हणून पहिल्याच ऑफरला हो म्हणा. एकदा कमिट केलं, म्हणजे तिथेच खेळेन असा शब्द दिला, की जागा पक्की, स्कॉलरशिप पक्की. थांबलात तर कोच नाराज होतो.

तारीख बरोबर आहे. डिव्हिजन वन म्हणजे कॉलेजच्या खेळांतला सगळ्यात वरचा गट. तिथल्या कोचला अकरावीच्या १ सप्टेंबरआधी मुलीशी रिक्रूटिंगबद्दल, म्हणजे तिला टीममध्ये घेण्याबद्दल, बोलता येत नाही. एनसीएए या कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने हा नियम एप्रिल २०१८ मध्ये केला, कारण त्याआधी सातवी-आठवीतल्या मुली तोंडी कमिट करून बसायच्या. चार वर्षांनी ती मुलगी कशी खेळेल, तिला काय शिकावंसं वाटेल, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नसे, आणि बऱ्याच कोचनाही ते नको झालं होतं. म्हणजे घाई थांबावी म्हणून आणलेली तारीखच आता घाईचं कारण म्हणून पुढे केली जातेय.

‘जागा संपतात’ यात थोडं तथ्य आहे. ओक्लाहोमा, टेक्साससारख्या टीमना हवी असलेली पिचर (चेंडू टाकणारी) किंवा शॉर्टस्टॉप (मैदानातली महत्त्वाची क्षेत्ररक्षक) असेल, तर तिला त्या रात्री बारा वाजताच फोन येतात आणि काही आठवड्यांत निर्णय होतो. पण अशा मुली मोजक्या. एकट्या डिव्हिजन वनमध्ये सुमारे ३०० कॉलेजांच्या टीम आहेत. त्याखाली डिव्हिजन टू, थ्री, एनएआयए ही छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना आणि दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं. ज्युनियर कॉलेजं तर बारावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंत खेळाडू शोधत असतात.

अभ्यासात पुढे असलेल्या मुलींसाठी तर हे वेळापत्रक लागूच होत नाही. आयव्ही लीग (हार्वर्ड, येलसारखी आठ विद्यापीठं) आणि डिव्हिजन थ्री खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत. तिथे कोचला मुलगी आवडली तरी शेवटचा शब्द ॲडमिशन ऑफिसचा, आणि ते ऑफिस अकरावीचे मार्क हातात आल्याशिवाय सहसा काही सांगत नाही. डिव्हिजन थ्री म्हणजे हलका खेळ असं कोणी समजू नये. टफ्ट्स विद्यापीठाने २०१३ ते २०१५ सलग तीन वर्षं तिथलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, आणि टफ्ट्समध्ये प्रवेश मिळवणं किती अवघड आहे हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

सगळ्यात घातक वाक्य म्हणजे ‘कमिट केलं की पक्कं’. तोंडी कमिटमेंट कोणालाच बंधनकारक नसते. मुलीलाही नाही आणि कॉलेजलाही नाही. सह्या होतात बारावीच्या नोव्हेंबरमध्ये. अकरावीच्या सप्टेंबरपासून मोजलं तर मधले चौदा महिने सगळं शब्दावर चालतं. तो शब्द कसा मोडतो हे २०२५ मध्ये दिसलं. कॉलेजच्या खेळाडूंनी खेळाच्या मोबदल्यासाठी एनसीएएवर भरलेल्या हाऊस खटल्याच्या तडजोडीत स्कॉलरशिपची मर्यादा जाऊन टीममधल्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा येणार होती, सॉफ्टबॉलसाठी २५. तडजोड मंजूर होण्याआधीच अनेक कॉलेजांनी वेगवेगळ्या खेळांतले खेळाडू कमी केले, कबूल केलेल्या जागाही काढून घेतल्या. शेवटी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी अडवून धरलं, तेव्हा अशा खेळाडूंना या मर्यादेतून सूट द्यायचं ठरलं आणि ६ जून २०२५ रोजी मंजुरी मिळाली. तरीही सूट म्हणजे जागा परत मिळण्याची हमी नव्हती. जागा द्यायची की नाही हे कॉलेजच्याच हातात राहिलं.

शिवाय माणसं हलतात. कोच जेरी ग्लास्को २०२४ मध्ये लुइझियाना विद्यापीठ सोडून टेक्सास टेक विद्यापीठात गेले. त्याच उन्हाळ्यात निजारी कॅनडी ही देशातली अव्वल पिचर स्टॅनफर्ड सोडून त्यांच्याकडे आली, आणि पुढच्याच वर्षी ती टीम कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या अंतिम फेरीत पोचली. म्हणजे तुम्हाला बोलावणारा कोच मुलगी कॉलेजात पोचेपर्यंत तिथे असेलच असं नाही, आणि तिची जागा पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, आलेल्या बावीस वर्षांच्या खेळाडूकडे जाऊ शकते. म्हणून मी प्रत्येक आईबाबांना एकच विचारते: कोच उद्या गेला, तरी तुमची मुलगी त्या कॉलेजात आनंदाने शिकेल का? उत्तर हो असेल तर ३ सप्टेंबरला कमिट करा, माझी काही हरकत नाही.

स्कॉलरशिपचं तर नीट गणितच मांडायला हवं. २०२५ च्या तडजोडीपर्यंत डिव्हिजन वनच्या अख्ख्या टीमला मिळून १२ स्कॉलरशिप होत्या, त्या वीसेक मुलींत वाटल्या जायच्या. डिव्हिजन टूमध्ये मर्यादा ७.२ ची. तडजोड स्वीकारलेल्या डिव्हिजन वन कॉलेजांसाठी १२ ची मर्यादा उठली, म्हणून प्रत्येक कॉलेजकडे पैसा आला असं होत नाही. समजा, कोच म्हणाला ‘४० टक्के’. कशाचे? फक्त ट्यूशनचे, की राहण्या-जेवणासकट सगळ्या खर्चाचे? एका वर्षासाठी की चारही? वर्षाचा खर्च ६०,००० डॉलर धरला आणि ४० टक्के सगळ्या खर्चाचे असले, तरी ३६,००० घरातून जातात; चार वर्षांचे १,४४,०००. कधीकधी मार्कांवर मिळणारी मदत याहून मोठी असते. ती किती, हे ॲडमिशन ऑफिसला विचारल्याशिवाय दोन ऑफरची तुलना करताच येत नाही.

राहिला नाराज होणारा कोच. कोचला टीम भरायची असते, त्यामुळे तो मुदत देतो. त्यात वावगं काही नाही. पण मुदत वाढवून मागता येते. मात्र फोन मुलीनेच करावा, बाबांनी नाही. ‘कोच, मला तुमची टीम मनापासून आवडली आहे. माझ्या विषयाचे वर्ग आणि सरावाच्या वेळा एकत्र जमतील का, आणि चार वर्षांचा खर्च किती येईल, हे मला समजून घ्यायचंय. मी पुढच्या महिन्यात कॅम्पसवर येऊन तुम्हाला उत्तर दिलं तर चालेल का?’ एवढं बोलणं पुरतं. ज्याला ती खरंच हवी आहे तो बहुधा थांबतो, निदान तारीख तरी ठरवतो. एवढं विचारल्यावर जो ऑफर मागे घेतो, त्याच्या हाताखाली चार वर्षं काढायची आहेत का, हेही मग घरी बसून बोलून घ्या.