कर्ण कुठला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ऑनलाइन कोशात एकाच नावाचे दोन लेख असतील, तर कंसात काही न जोडता साधं नाव त्यातल्या एकाला शीर्षक म्हणून देणं हा पक्षपात, अशा प्रत्येक नावावर निःसंदिग्धीकरण पानच (म्हणजे त्या नावाच्या सगळ्या लेखांची यादी देणारं पान) हवं. वर टोला, ‘कोण मोठं हे ठरवणारे तुम्ही कोण?’

मोठं कोण हा प्रश्नच नाही हो. ‘पॅरिस’ टाइप करणाऱ्याला बहुतेक वेळा फ्रान्सची राजधानी हवी असते. ट्रॉयचा राजपुत्र किंवा टेक्सासमधलं गाव क्वचित. सगळ्यांना आधी यादीसमोर ताटकळत ठेवून राजपुत्राचं काय भलं होणार? लेखाच्या माथ्यावर ‘ट्रॉयचा राजपुत्र हवा असल्यास इथे पाहा’ एवढी ओळ पुरते. छापील कोशात दोन्ही नोंदी एकाखाली एक दिसायच्या. इथे एका शीर्षकाचं एकच पान, म्हणून हा सगळा तंटा.

जॉर्जियाबाबत मात्र मी चुकलो. १९९१ साली स्वतंत्र झालेला देश तो, अमेरिकेतलं एक राज्य त्याच्यापुढे काय, अशा हिशेबानं नाव देशाला देऊन टाकलं. म्हणजे ‘मोठं कोण’ हेच मोजलं की! वाचक दोन्ही शोधतात. तिथे यादीचं पान हवं.

तुमच्या बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा तुम्ही मांडलाच नाहीत, तो मीच मांडतो. कुणीतरी लिहितं, ‘काँगोत तांब्याच्या खाणी आहेत’, आणि ‘काँगो’ला दुवा देऊन मोकळं होतं. त्या शीर्षकावर नदीचा लेख असेल, तर खाणी शोधणारा थेट नदीत. चूक कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण दुवा निळाच, म्हणजे चालू दुव्यासारखाच दिसतो. तिथे निःसंदिग्धीकरण पान असेल, तर त्याकडे येणारा प्रत्येक दुवा संशयित ठरतो. यादी काढायची, एकेक वाक्य वाचायचं. काँगो नावाचे देश दोन; खाणी कटांगा प्रांतातल्या, म्हणजे किन्शासा राजधानीवाला काँगो, नदीपलीकडचा ब्राझाव्हिल राजधानीवाला नव्हे, असं ठरवून दुवा दुरुस्त करायचा. कंटाळवाणं काम, पण करता येतं.

‘इंग्रजीतली यादी उचला, वाद मिटेल’ हे तुमचं म्हणणं मात्र अजिबात पटलं नाही. इंग्रजीत मर्क्युरी या एका शब्दात ग्रह, धातू आणि रोमन देव कोंबलेत. आपल्याकडे बुध आणि पारा कधी एकमेकांच्या वाटेला गेले नाहीत. उलट वेल्स हा देश, सॉमरसेटमधलं वेल्स शहर आणि चित्रपट दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांची रोमन स्पेलिंगं तीन, देवनागरीत मात्र तिघं एकाच दारात. आणि कर्ण? महाभारतातला की काटकोन त्रिकोणातला, हा गुंता कुठल्या इंग्रजी यादीत सापडणार?

कंसात जन्मसाल घालायची तुमची सूचनाही शेवटचा उपाय म्हणून ठेवू. ‘स्टीव्ह मॅकक्वीन (जन्म १९३०)’ वाचून कुणाला काय कळणार? सालं पाठ असती तर तो कोश उघडायला आलाच नसता. या नावाचे दोघं आहेत, कंसात ‘अभिनेता’ आणि ‘दिग्दर्शक’ पुरे. नावही तेच आणि पेशाही तोच असला, तर मग साल.

जॉर्जियाचं शीर्षक आज रात्री हलवतो. त्याकडे येणारे सगळे दुवे तपासावे लागतील. लेखांच्या यादीतला ‘अ’ ते ‘भ’ मी घेतो, ‘म’पासून पुढचे तुम्ही घ्याल का?