शेंगदाणे आणू नयेत

जूनमधल्या पहिल्या पालकसभेत प्रत्येकाच्या हातात एक पुस्तिका पडली. 'पालकांसाठी नियम व कार्यपद्धती', पानं ४८. शेवटच्या पानावर सही करून फाडून द्यायचा कागद होता: 'मी वरील सर्व नियम वाचले असून ते मला मान्य आहेत.' आमच्या सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या लग्नसोहळ्यात 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' ऐकू आलं की सगळा जमाव एकदम अक्षता टाकतो, तशा आम्ही सगळ्यांनी एकदम सह्या टाकल्या. फरक एवढाच की यात्रेत आधी संमती वाचून तरी दाखवतात.

रात्री जेवणं झाल्यावर बायको म्हणाली, "अहो, सही केलीत ना? आता वाचा तरी."

वाचायला घेतली, आणि दहाव्या पानावर माझ्या लक्षात आलं की ही पुस्तिका सोलापूरसाठी लिहिलेलीच नाही. संस्थेच्या शाळा गावोगावी आहेत आणि पुस्तिका सगळ्यांना एकच. ज्या कुणी ती लिहिली, तो एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी, दिवसभर नळाला पाणी असलेल्या घरात, खिडकीबाहेर पाऊस बघत बसलेला असणार. त्याला सोलापूर फार तर रेल्वेतून दिसलं असेल, तेही रात्री.

आता हेच बघा. '१ नोव्हेंबर ते २८ फेब्रुवारी नेव्ही ब्लू स्वेटर अनिवार्य.' फेब्रुवारीत आमच्याकडं माठ विकायला येतात हो! आमची थंडी म्हणजे डिसेंबरातली काही दिवसांची पाहुणी, चहा घेऊन जाणारी. मी एका चादरीच्या दुकानात हिशेब लिहितो. सोलापुरी चादर कुठकुठच्या लोकांना ऊब देते ते मला बिलांवरून माहीत आहे, पण ती बिलं बाहेरगावची असतात. गावातला माणूस चादर घेतो ती लग्नात आहेर करायला.

स्वेटरचा प्रश्न पोरांनी आपापला सोडवला. नियमात 'स्वेटर अनिवार्य' एवढंच लिहिलंय, 'अंगात' असा शब्द नाही. त्यामुळं अख्ख्या तिसरीचे स्वेटर चार महिने दप्तरात राहतात. त्यांच्या खाली रेनकोट असतो, तो जूनपासूनच. बेताचाच पाऊस पडणाऱ्या गावात रेनकोटाची घडी मोडायचा योग फार येत नाही. आमच्या कन्येचा रेनकोट अजून दुकानाच्या वासाचा आहे.

हे सगळं ज्यात कोंबायचं त्या दप्तराचाही नियम आहे, आणि तो सरकारचाही आहे: दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. कन्या २२ किलोची, म्हणजे दप्तर २ किलो २०० ग्रॅमचं हवं. एका शनिवारी शाळेतून परस्पर तिला दुकानात आणलं आणि टॉवेलचे गठ्ठे मोजायच्या काट्यावर दप्तर ठेवलं. ४ किलो ३५०. मालकांनी चष्मा वर करून विचारलं, "काय, एक्स्पोर्टचा माल का?"

उपसायला बसलो. पाण्याची भरलेली स्टीलची बाटली, १ किलो १००. ती कमी करता येत नाही, कारण उन्हाळ्यात पारा त्रेचाळिसाच्या पुढं जातो आणि पोर घरी येईपर्यंत बाटली रिकामी झालेली असते. स्वेटर ३००, रेनकोट २५०. बालभारतीनं २०२३ मध्ये ओझं कमी व्हावं म्हणून पुस्तकांचे भाग करून त्यातच वहीची कोरी पानं घातली होती. पुढं ती पानं गेली आणि वह्या पुन्हा आल्या. तळाशी एक दगड निघाला. तो भुईकोट किल्ल्याच्या सहलीत सापडला असून बहामनी काळातला आहे असं कन्येचं म्हणणं. किल्ला त्या काळातला खरा, पण दगडाला एका बाजूनं डांबर लागलेलं होतं. आणि सगळ्यात शेवटी निघाली ती पुस्तिका. तिच्यातच नियम आहे की ती रोज दप्तरात असावी. 'दप्तर हलके ठेवा' हे सांगणाऱ्या पुस्तिकेचं वजन १९० ग्रॅम भरलं.

वेळेचं तर विचारूच नका. लहान पोरांची झोप व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश सरकारनं २०२४ मध्ये काढला. शाळेनं तो पाळला, नऊचा ठोका. पण रिक्षावाल्या मामांच्या दोन फेऱ्या असतात आणि आम्ही पहिल्या फेरीत येतो. त्यामुळं कन्या पहिल्यासारखीच साडेसहाला उठते, आठला शाळेत पोचते आणि तासभर बाकावर डोकं टेकून सरकारनं मंजूर केलेली झोप घेते.

पण खरा भडका उडाला तो २३व्या पानावर. डब्याचे नियम. मैद्याचे पदार्थ नकोत, ठीक. पाकिटातलं नको, उत्तम. आणि मग एक ओळ: 'डब्यात शेंगदाणे व शेंगदाण्याचे पदार्थ आणू नयेत.'

मी ती ओळ आईला मोठ्यानं वाचून दाखवली. आई उखळात शेंगा चटणीच कुटत होती. मुसळ हातात तसंच राहिलं. म्हणाली, "पुन्हा वाच."

पुन्हा वाचली.

"मग भाजीत काय घालतेत ती माणसं?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आमच्या घरात वांग्यात कूट, शेपूत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, उसळीच्या रश्श्याला कूट. उपासाला तर विचारायलाच नको. संक्रांतीला बाकीचा महाराष्ट्र गुळाची पोळी करतो तेव्हा आमच्याकडं शेंगापोळी होते. कडक भाकरी, दही आणि शेंगा चटणी असली की पाहुण्याला दुसरं काही विचारत नाहीत. सोलापूरहून पुण्याला निघालेल्या माणसाच्या पिशवीत चटणीची पुडी सापडली नाही, तर तो मूळचा सोलापूरचा नाही असं समजावं.

काही मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते, हे मला माहीत आहे. तसं एकही लेकरू वर्गात असतं तर मी आईचं मुसळ स्वतः माळ्यावर ठेवलं असतं. म्हणून पालकांच्या ग्रुपवर मी नम्रपणे विचारलं की कुणाला त्रास आहे का. दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गातच विचारलं, "शेंगदाणे खाल्ल्यावर कुणाकुणाला त्रास होतो? हात वर करा." एका पोरानं हात वर केला. त्याला पाणी प्यायला जायचं होतं.

तोवर ग्रुप पेटला होता. आमच्या ग्रुपात मराठी आहेत, पूर्व भागातली तेलुगू घरं आहेत, कन्नड आहेत, उर्दू बोलणारे आहेत. सणांच्या शुभेच्छांखेरीज आजवर एका विषयावर एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं. शेंगदाण्यावर झालं. एका मातेनं नुसताच रिकाम्या डब्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "आजचा डबा. नियमाप्रमाणे." एका आजोबांनी, ते ग्रुपात कसे आले देव जाणे, लिहिलं की १९३० साली ह्या गावानं मार्शल लॉ सोसलाय. ॲडमिननं "कृपया विषयाला धरून बोला" लिहिलं. आजोबा म्हणाले, "विषयालाच धरून आहे."

तीन दिवसांनी मुख्य कार्यालयातून खुलासा आला. तो मी जपून ठेवलाय: 'अख्खे शेंगदाणे आणू नयेत. कूट चालेल.'

ज्याला खरोखर त्रास असेल त्याच्यासाठी दाणा आणि कूट यांत काडीचा फरक नसतो, एवढं मलाही कळतं. पण आईला खुलासा वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "बघ, शिकलेली माणसं हाईत." आणि उखळ पुन्हा सुरू झालं.

गणवेशाची गोष्ट मात्र खुलाशानं सुटणारी नव्हती. आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी, कवायतीचा गणवेश. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे मोजे, पांढरे बूट. 'स्वच्छ धुतलेला' हा शब्द ठळक. इकडं आमच्या नळाला पाणी चार दिवसांआड. उजनी धरण शंभर टक्क्यांच्या वर भरलेलं असतं, त्याचे फोटो पेपरात येतात, आम्ही ते कोरड्या नळाखाली बसून बघतो. चार दिवसांआड म्हणजे दर पाचव्या दिवशी, त्यामुळं पाण्याचा वार सारखा बदलतो. कन्येला लसावि यायला अजून काही वर्षं आहेत, पण मला आला. पाच आणि सातचा लसावि पस्तीस. म्हणजे पस्तीस दिवसांतून एकदा पाणी मंगळवारी येतं आणि बुधवारी आमची पोरगी जाहिरातीतल्यासारखी शाळेत जाते. बाकीच्या बुधवारी पांढऱ्याच्या ज्या ज्या छटा असतात, त्या रंगाऱ्यालाही सांगता येणार नाहीत. मी तो पस्तिसावा दिवस कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवतो. त्याच दिवशी मेसेज येतो की तांत्रिक कारणामुळं पाणीपुरवठा एक दिवस उशिरा.

'अपार' ह्या विद्यार्थी-ओळखीच्या बारा आकडी नंबराबद्दल मी थोडक्यातच सांगतो, कारण आठवलं की डोकं दुखतं. आधारवर कन्येच्या नावात एक 'आय', शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये त्याच जागी दोन 'ई'. एका अक्षरासाठी मी चार वेळा रांगेत उभा राहिलो. पाचव्या वेळी नाव जुळलं, तर तिथली मुलगी म्हणाली, "सर, हिचं बायोमेट्रिक अपडेट राहिलंय."

आता नववा नियम. 'पाल्यास नेण्यासाठी येणाऱ्या व्यक्तीकडे शाळेने दिलेले पालक ओळखपत्र असणे आवश्यक. अपवाद नाही.' हा नियम मला मनापासून मान्य आहे. पोर कुणाच्याही हातात देऊ नये. फक्त तो 'कुणीही' आपण असू, असं मला वाटलं नव्हतं.

एका दुपारी मामांची रिक्षा गॅरेजला लागली. मी स्कूटर काढून साडेतीनला फाटकाशी. कार्ड बायकोच्या पर्समध्ये आणि बायको बँकेत. फाटकावरचे वॉचमन मामा अक्कलकोटच्या बाजूचे, मराठी बोलतात पण हेल कन्नडचा. माझ्या चांगल्या ओळखीचे. त्यांच्या मुलीच्या लग्नात आमच्याच दुकानातून सहा चादरी नेल्यात, बिल मी केलंय.

"मामा, कार्ड राहिलं बायकोकडं. आपली ओळख आहेच."

"हाय की ओ. तुमाला मी वळखतो. पण मी वळखून काय उपेग? कार्डानं वळखायला पायजे."

आतून, जाळीपलीकडच्या रांगेतून, कन्या जिवाच्या आकांतानं हात हलवत होती. "पप्पाऽऽ!"

"बघा, पप्पा म्हणतीय."

"रोज दोनशे पोरं पप्पा म्हणत्यात ओ."

बायकोला फोन करून कार्डाचा फोटो मागवला. मामांनी मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "फोटो छान आलाय. पण मोबाईलवरचं चालत न्हाई. झेरॉक्स बी चालत न्हाई." मग वर्गशिक्षिका आल्या. 'ओळखपत्राविना पाल्य सुपूर्द करणे' ह्या नावाचा छापील अर्ज निघाला. त्याला पालकाच्या आधारची प्रत जोडायची होती. झेरॉक्सचं दुकान चौकात, आणि तिथली लाइट गेलेली. एवढ्यात बाकीच्या आया पोरांना घेऊन माझ्यासमोरून निघाल्या. त्यातल्या एकीनं माझ्याकडं बघून आपल्या लेकराला पलीकडच्या हाताला घेतलं. मामांनी आपली खुर्ची पुढं सरकवली, मडक्यातलं पाणी दिलं. "बसा. कशाला टेन्शन घेऊलालाव? पोरगी आत सुखरूप हाय."

पंचावन्न मिनिटांनी मला माझी मुलगी मिळाली. सही घेऊन.

स्कूटरवर ती गप्प होती. सात रस्त्याला सिग्नल लागला तेव्हा मागून आवाज आला, "पप्पा, ते कार्ड कुठं असतं?"

"आईच्या पर्समध्ये."

"ती जागा चुकीची आहे."

दुसऱ्या दिवसापासून कार्ड तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात गेलं. दगडाशेजारी. मला आधी कळलंच नाही. पुढच्या वेळी मामांची रिक्षा पुन्हा बंद पडली आणि मी पुन्हा रिकाम्या हातानं फाटकाशी उभा राहिलो, तेव्हा जाळीच्या भोकातून एक छोटा हात बाहेर आला. हातात कार्ड. मी ते घेतलं आणि वॉचमन मामांसमोर धरलं. त्यांनी एकदा जाळीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"मामा, चालतंय ना?"

"नियमात काय लिवलंय? नेणाऱ्याच्या हातात कार्ड पायजे. हातात हाय का?"

"आहे."

त्यांनी कार्डावरचा माझा फोटो नीट पाहिला, मग माझं तोंड पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मान हलवली. "आता वळखलं. या, साहेब."

फाटक उघडलं. कन्या बाहेर आली, पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि दुसरा हात पुढं केला.

"कार्ड दे इकडं. तू हरवशील."