‘फक्त रिंगा टाका’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

“जुना ट्रॅक्टर धूर मारतोय? फुल इंजिनच्या नादी लागू नका. हेड उतरवा, चेंबर खोला, नव्या रिंगा टाका, संध्याकाळी ट्रॅक्टर नांगराला!” या अर्थाचा मेसेज ट्रॅक्टरवाल्यांच्या ग्रुपवर हंगामाच्या तोंडावर फिरतो. रिंगा म्हणजे पिस्टनवरच्या लोखंडी कड्या, चेंबर म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं. सोबत लाइनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी), बेअरिंग, हेडचे बोल्ट, ऑइल आणि रनिंग-इनबद्दल (बांधलेलं इंजिन सुरुवातीला कसं चालवायचं) एकेक सल्ला जोडलेला असतो. मेसेज पटतो, कारण त्यामागची चीड खरी आहे. गरज नसताना गिऱ्हाइकाच्या गळ्यात बोअर किट, म्हणजे लाइनर-पिस्टन-रिंगांचा पूर्ण संच, मारणारे कमी नाहीत. पण मेसेजवाल्यानेही तेच केलंय: न मोजता निकाल दिलाय. बिल छोटं, एवढाच फरक.

“धूर म्हणजे रिंगा गेल्या.”

कुठला धूर? काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, म्हणजे तुंबलेला एअर क्लीनर, गळका नोझल किंवा बिघडलेला पंप. पांढरा असेल तर न जळलेलं डिझेल, नाहीतर हेड पॅकिंगमधून आत येणारं पाणी. रिंगांवर संशय घ्यायचा तो निळ्या धुरावर, आणि तिथेही घाई नको. जुन्या ट्रॅक्टरांना ऑइल बाथ एअर क्लीनर असतो. त्याच्या वाटीत खुणेच्या वर ऑइल भरलं की इंजिन ते ओढून घेतं आणि निळा धूर सोडतं. वाटी काढून खुणेपर्यंत ऑइल ठेवलं की धूर गायब. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरने सकाळी एक निळा ढग सोडला आणि मग साफ झाला, तर व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) बघा. लोडवर सतत निळा धूर, ब्रीदरमधून (इंजिनातल्या वाफा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) भकभक वाफा आणि सकाळी सुरू व्हायला कुरकुर, हे तिन्ही एकत्र दिसलं तरच हेड उतरवायचं.

उतरवण्याआधी एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा रबरी पाइप वाकवून बघा. त्याला चीर असेल तर इंजिन कशाने झिजलं ते तिथेच कळतं. रोटाव्हेटरच्या धुळीत ती चीर तशीच राहिली, तर नवं किटही त्याच वाटेने जाणार.

“लाइनर हाताला गुळगुळीत लागला की चांगला समजायचा, पॉलिश पेपर मारून रिंगा टाकायच्या.”

मेसेजमधली सगळ्यात महागात पडणारी ओळ हीच. गुळगुळीत, आरशासारखा लाइनर म्हणजे झिजलेला लाइनर. झीज सगळीकडे सारखी नसते. पहिली रिंग वर जिथे थांबते तिथे ती सगळ्यात जास्त, कारण तिथे उष्णता आणि दाब जास्त आणि ऑइल कमी. खाली ती जवळजवळ नसतेच.

आता हिशेब करू. मॅसी ३५ च्या तीन सिलिंडरच्या पर्किन्स इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ३.६ इंच, म्हणजे ९१.४ मिमी. रिंगेचा गॅप, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, ढोबळमानाने दर इंच बोअरला तीन-चार थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) धरतात, म्हणजे इथे ११ ते १४ थाऊ. लाइनर वरच्या बाजूला व्यासात ८ थाऊ झिजला असेल, तर घेर ८ गुणिले ३.१४, म्हणजे २५ थाऊंनी वाढला. ही सगळी वाढ रिंगेच्या गॅपमध्ये येते. १२ चे झाले ३७ थाऊ, जवळपास एक मिलिमीटर. खाली मात्र गॅप १२ च. मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ती रिंग सेकंदाला २५ वेळा उघडते आणि २५ वेळा मिटते. अशी रिंग किती दिवस धरणार?

याच हिशेबातून घरच्या घरी झीज मोजता येते. बोअर गेज नको, एक नवी रिंग आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) पुरे. रिंग लाइनरमध्ये घालून पालथ्या पिस्टनने ढकलायची, म्हणजे ती तिरकी बसत नाही. आधी अगदी खाली, न झिजलेल्या भागात गॅप मोजा. मग वर, कडेच्या जरा खाली मोजा. फरकाला तीनने भागलं की झीज थाऊंमध्ये मिळाली. पाच-सहा थाऊंच्या आत असेल आणि ओरखडे नसतील, तर होनिंग करून, म्हणजे दगडाने बारीक रेघा पाडून, नुसत्या रिंगा टाकता येतात. तेव्हा मेसेजवाला बरोबर आणि बोअर किट विकणारा चूक. त्यापुढे लाइनर-पिस्टनच.

लाइनरच्या तोंडाशी नखाला लागणारी कड विसरू नका. जुन्या रिंगेची धार घासून गोल झालेली असते, नवीची चौकोनी असते. कड न काढता नवी रिंग घातली की ती तिथे आपटते आणि पहिल्याच दिवशी तुटू शकते. पिस्टनची पहिली खाचही तपासा. नव्या रिंगेशेजारी सहा थाऊची पाती सहज सरकली तर पिस्टन बाद.

होनिंगच्या रेघा एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या हव्यात. त्यांत ऑइल टिकतं आणि रिंग बसते. पॉलिश पेपर गोल गोल फिरवून आडव्या रेघा पडतात, त्यांचा उपयोग नाही. होनिंगनंतर बोअर डिझेलने पुसून भागत नाही. दगडाची भुकटी रेघांत बसून राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रशने धुवा, वाळवा, ऑइल लावलेलं पांढरं फडकं फिरवा. फडकं करडं निघालं तर पुन्हा धुवा.

हे ड्राय लाइनरचं झालं, ज्याला पाणी लागत नाही. एचएमटी-झेटरसारख्या वेट लाइनरच्या इंजिनात लाइनर बाहेरून पाण्यात असतो. तो उपसला की बाहेरची बाजू बघा. देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले तर आतून कितीही चांगला असला तरी टाकून द्या, खड्डा आरपार गेला की पाणी ऑइलमध्ये. नवा बसवल्यावर चेंबर लावण्याआधी ब्लॉकमध्ये पाणी भरून रात्रभर ठेवा. खालच्या रबरी रिंगांतून थेंब गळत असेल तर सकाळी दिसतो.

“क्रँक घासायची गरज नाही, बेअरिंगमागे कागद घाला.”

बेअरिंग आपली उष्णता पाठीमागून रॉडला (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याला) देतं. मध्ये कागद आला की ही वाट बंद. पुढे कागद दबतो, बेअरिंग ढिलं होऊन जागेवर फिरतं आणि क्रँकसोबत रॉडही जातो. जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजा. लांबट-गोल किंवा निमुळता झाला असेल तर ग्राइंडिंग, आणि १०, २०, ३० थाऊचं अंडरसाइज बेअरिंग. ग्राइंडिंगवाल्याला एवढंच बजावा: जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई ठेव. तो कोपरा काटकोनी झाला की क्रँक तिथूनच तडकतो. परत आलेल्या क्रँकची ऑइलची भोकं तार आणि हवेने साफ करा.

“हेडचे बोल्ट पान्याला पाइप लावून जितके आवळाल तितकं बरं.”

बोल्ट ताणले जातात, ब्लॉकचे आटे उपटून येतात, पॅकिंग वेडंवाकडं दबतं. टॉर्क रेंच, मॅन्युअलमधला आकडा, मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत. बोल्टच्या बंद भोकात ऑइल किंवा पाणी साचलेलं राहिलं तर आवळताना ब्लॉक फुटू शकतो. हेडवर सरळ पट्टी ठेवून बघा, चार थाऊची पाती खालून गेली तर सरफेस करून घ्या.

“९० नंबर ऑइल घाला, धूर थांबतो.”

गंमत अशी, की गिअर ऑइलचा ९० हा आकडा वेगळ्या मापाचा आहे. गरम असताना ते ४०-५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच जाड असतं. काजळी धरून ठेवणारी द्रव्यं मात्र त्यात नसतात.

“बांधलेलं इंजिन आठ तास रिकामं चालवा.”

रिंगा लाइनरवर दाबल्या जातात त्या जळलेल्या गॅसच्या दाबाने, तो रिंगेच्या मागे शिरतो. रिकाम्या इंजिनात तो दाब नसतो. रेघा घासून आरसा होतो, रिंगा बसतच नाहीत, आणि नव्या किटचा ट्रॅक्टर जुन्यासारखाच ऑइल खातो. आधी स्टॉप (डिझेल बंद करायचा खटका) ओढून ठेवा आणि ऑइल गेजचा काटा उठेपर्यंत थांबत थांबत स्टार्टर मारा. मग सुरू करून गळती बघा, गरम होऊ द्या, आणि मध्यम लोड द्या: अर्धी भरलेली ट्रॉली किंवा उथळ कल्टिव्हेटर, रेस कमी-जास्त करत. मॅन्युअल सांगत असेल तर हेड पुन्हा आवळा, आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) त्यानंतरच लावा. मॅसी ३५ च्या या इंजिनाला थंड असताना १२ थाऊ, गरम असताना १०. पहिलं ऑइल २५-३० तासांनी, इंजिन गरम असतानाच काढा. तळाशी बारीक चमकी दिसली तर घाबरू नका. नखावर घेण्याइतका तुकडा दिसला तर चेंबर पुन्हा खोला.