फिरण्यावर परत लिहायला घेतोय

लई दिवसांनी, खरं तर काही वर्षांनीच, परत प्रवासावर लिहायला बसलोय. मधे बंद पडलं त्याला नोकरी, घर, पोरांच्या शाळा हे होतंच, पण मोठं कारण वेगळं होतं. सगळीकडं माहितीच माहिती झाली, लोक ड्रोन उडवून किल्ले दाखवायला लागले, रस्ता, अंतर, जेवण सगळं मोबाईलवर, मग वाटायला लागलं की आपण कोणत्या एसटीनं गेलो आन कुणाशी बोललो हे आता वाचणार कोण.

परवा तेरला जाऊन आलो आणि हे सगळं डोक्यातून गेलं.

तेर म्हणजे संत गोरा कुंभारांचं, आपल्या गोरोबाकाकांचं गाव, धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी. जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात लिहिलंय की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथलं कापड गाड्या भरभरून भडोच बंदराला जातं. लिहिणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही. त्यानं फक्त काय माल, कुठून, कसा जातो हे सरळ लिहून ठेवलं, म्हणून आज आपण तगर म्हणून छाती पुढं काढतो. रामलिंगप्पा लामतुरेंनी गावात सापडलेल्या वस्तू जमवल्या, त्यातून तिथलं म्युझियम उभं राहिलं, सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती बघताना तास कुठं गेला कळलं नाही. विटांचं त्रिविक्रम मंदिर तर बघाच, त्याची पाठ अर्धगोल आहे, बौद्ध चैत्यासारखी, म्हणजे त्यांच्या प्रार्थनागृहासारखी.

पण मला लिहायला बसवलं ते गोरोबाकाकांच्या देवळाबाहेर बसलेल्या एका आज्जीनं. मी वहीत खरडत होतो तर म्हणाल्या, "काय लिहायलास रे बाबा एवढं?" म्हणलं, गावाबद्दल लिहितोय. मग त्यांनी लातूर-बार्शीच्या छोट्या गाडीचं काढलं. ढोकीला बसून बार्शीला माहेरी जायच्या, येडशीच्या डोंगरात वानरं आली की कडेवरचं पोरगं रडायचं थांबायचं, आणि माहेराहून येताना आईनं बांधून दिलेलं धपाटं त्या गाडीतच सोडून खायच्या कारण सासरी आल्यावर ते वाटण्यात जायचं. सांगताना हसत होत्या पण डोळे भरले होते.

आता ती रेल्वे 1897 ला बार्शीपर्यंत सुरू झाली, लातूरला नंतर पोचली, दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट होतं, कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं उभी केली, हे कुठंही सापडतं. नॅरोगेज जाऊन ब्रॉडगेज आली तेही सापडतं. आज्जीचं धपाटं कुठं सापडणार? ते तिथं बसून ऐकणाऱ्यानंच लिहायला पाहिजे, आणि 'मी' घालूनच लिहायला पाहिजे, कारण त्या माझ्याशी बोलल्या होत्या.

आपल्या मराठवाड्याबद्दल बाहेरचे लिहितात ते एक तर वेरूळ-अजिंठा नाहीतर दुष्काळ. 2016 ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा सगळा देश बघत होता. ते खरंच आहे, सोसलंय आपण. पण नळदुर्गचा पाणीमहाल, कंधारचा किल्ला, चारठाण्याची देवळं, इथं आपलीच माणसं पोरंबाळं घेऊन जातात, डबा खातात, फोटो काढतात आणि कुणी दोन ओळी लिहीत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. लिहा की! शुद्धलेखन गेलं तरी चालेल.

मी आता होट्टलला निघतोय, चालुक्यांची देवळं बघायला. देगलूरकडचं कुणी असेल तर सकाळची एसटी कितीला असते तेवढं सांगा.