आबा दोनदा हरले होते

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे आमदार राहिलेल्या गणपतराव देशमुखांवरचा, म्हणजे आबांवरचा, एक मेसेज दर निवडणुकीला नव्याने फिरतो. सारांश असा: हा वकील माणूस एकाच मतदारसंघातून 11 वेळा आमदार झाला, कधीच हरला नाही, असा विक्रम देशात दुसरा नाही, मंत्रिपदाला त्याने आयुष्यभर हात लावला नाही आणि फिरला तो एसटीने. माझ्याकडे हा किमान चार ग्रुपांतून आला. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, म्हणून तिथे कोणी काही बोलत नाही. पण यातलं निम्मं चूक आहे.

अकराचा आकडा बरोबर. मोजून घ्या: 1962, 1967, 1974, 1978, 1980, 1985, 1990, 1999, 2004, 2009, 2014. आता या यादीतल्या फटी बघा. 1972 नाही, 1995 नाही. दोन्ही वेळा आबा उभे होते आणि पडले होते. 1974 ची निवडणूक ही पोटनिवडणूक, म्हणजे लोकांनी दोन वर्षांत परत बोलावलं. 1995 ला शहाजीबापू पाटलांनी त्यांना हरवलं ते अवघ्या 192 मतांनी. ‘काय झाडी, काय डोंगार’वाले तेच बापू. त्यानंतर सत्तरीला टेकलेला माणूस घरी बसला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं. आबा पुन्हा उभे राहिले आणि 1999 पासून सलग चार वेळा निवडून आले. ‘कधीच हरला नाही’ म्हणताना आपण हा सगळा भाग पुसून टाकतो. शिवाय सांगोल्याच्या मतदाराला अंधभक्त ठरवतो, ते वेगळंच. याच मतदाराने त्यांना दोनदा घरी पाठवलं होतं.

देशातला विक्रम? महाराष्ट्रातला, हे कबूल. पण केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी 13 वेळा निवडून आले. गंमत म्हणजे तेही वकीलच. त्यातली 1965 ची विधानसभा भरलीच नाही, ती हवी तर वगळा. तरी 12 उरतात. त्याच केरळात पुतुप्पळ्ळीहून ओमन चंडी 1970 ते 2021 सलग 12 वेळा जिंकले. तमिळनाडूत करुणानिधींचे विजय 13, पण त्यांनी मतदारसंघ बदलले, म्हणून ती तुलना इथे लागू नाही.

मंत्रिपदाचं तर सरळ खोटं आहे. 1978 च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आबा मंत्री होते आणि 1999 ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळातही. त्यात लपवण्यासारखं काय आहे? दुष्काळी तालुक्याच्या आमदाराने रोजगार हमीचं खातं सांभाळणं ही उलट अभिमानाने सांगायची गोष्ट.

एसटीचं मात्र खरं. एसटीत आमदारांसाठी राखीव आसन असतं. आबांसारखे मोजके लोक त्यावर खरंच बसले. माझी तक्रार इतकीच, की मेसेज तिथेच संपतो. सांगोल्यात वकिली करणारा हा माणूस पुढे वाळव्याचे स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्याबरोबर दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा घेत राहिला, कृष्णेचं पाणी माणदेशाला मिळावं म्हणून वर्षानुवर्षं भांडला, सूतगिरणी उभी केली. यातलं एक अक्षर मेसेजमध्ये नाही. साधेपणाचा फोटो निघतो, पाटपाण्याच्या भांडणाचा निघत नाही.

आणि जी गोष्ट खरोखर दुर्मीळ, ती फॉरवर्ड करणाऱ्यांच्या लक्षातच आलेली नाही. अकराही विजय एकाच पक्षाचे, शेतकरी कामगार पक्षाचे. 1962 ला तो पक्ष राज्यातला दखल घ्यावी असा विरोधी पक्ष होता. 2014 ला विधानसभेत त्याचे उरले 3 आमदार: अलिबाग, पेण आणि सांगोला.